आले का ते?

काकांच्या दाराची बेल वाजवली की आतून आधी आवाज यायचा, "आले का ते?" मग शर्टाचं वरचं बटण लावत काका दार उघडायचे. बाहेर गॅसवाला असो की समोर राहणारी मी, प्रश्न तोच. आमची डोंबिवलीतली बिल्डिंग सुरुवातीला थट्टा करायची. "कोण हो, जावई?" काका हसायचे. जावई कुठला! एकुलता एक मुलगा, तो एमआयडीसीतल्या कारखान्याच्या स्फोटात गेला. काकू त्याच्या आधीच गेलेल्या.

'ते' म्हणजे त्या कारखान्याची तपासणी करणारे सरकारी साहेब. स्फोटानंतर विधिमंडळाच्या समितीने त्यांना साक्षीला बोलावलं. साहेब गेलेच नाहीत. पुन्हा बोलावलं तर कोर्टात धावले, म्हणे समितीला मला बोलावताच येत नाही. काय म्हणावं या माणसाला! आमचा वॉचमनसुद्धा हाकेसरशी येतो.

काकांना साहेबांना शिक्षा वगैरे नको होती. "एकच विचारायचंय गं," म्हणायचे. "तपासणी केलीत म्हणता, तर आत गेला होतात का?" मी डबा घेऊन गेले की जेवता जेवता हाच प्रश्न मला म्हणून दाखवायचे. कधी रागाने, कधी अगदी हळू. "उद्धट नाही ना वाटत?" मला रडू यायचं, मग मी ओरडायचे, "काका, आमटी गार होतेय!"

शेवटी कोर्टाने सांगितलं, समितीपुढे जावंच लागेल. त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. एकट्यांना कसं सोडायचं, म्हणून मीही गेले. विधानभवनात पोचल्यावर कळलं, बैठक बंद दाराआड असते, आपल्याला आत बसता येत नाही. समितीतले एक आमदार भले होते. म्हणाले, "तुमचा प्रश्न मी विचारतो. पण उत्तर अहवाल सभागृहात आल्यावरच सांगता येईल." काकांना फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून आमदारांनी माझा नंबर घेतला.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. तेवढ्यात साहेब आले. पेपरातल्या फोटोमुळे चेहरा ओळखीचा. घामाघूम झालेले. नेमकं काकांनाच विचारलं, "समितीची बैठक कुठेय?"

काका उठले, नमस्कार केला आणि दार दाखवलं.

परतताना मी भडकले. "समोर उभे होते! का नाही विचारलंत?"

"अगं, घाबरलेले गं ते. पाणी हवंय का, एवढंच ओठांवर आलेलं."

त्यानंतर काकांनी विचारणं सोडलं. बेल वाजली की नुसतं दार उघडायचे, बटण तसंच. मला ते घर सोसवेना, तरी रोज जायचे. अहवाल यायच्या आधीच एका दुपारी काका झोपेत गेले.

आमदारांचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. ऐकलं आणि तशीच समोर गेले. सवयीने पिठाच्या बोटाने बेल दाबली. आतून कोणी काही विचारलं नाही.

"काका," मी कुलूप लावलेल्या दाराला सांगितलं, "नव्हते हो गेले आत. फाटकावरूनच परत फिरलेले."