लुगड्यांखालची कोयती

खाली पालिकेची माणसं यंत्राच्या करवतीने झाडाच्या फांद्या कापताहेत. ओल्या लाकडाचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला आणि मला माझी कोयती आठवली.

लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा ट्रंकेत लुगड्यांखाली ती आणली होती. माहेरी ऐनाच्या झाडावर चढून भाताची रोपं टाकायची जमीन, म्हणजे राब, भाजायला फांद्या मीच तोडायची. मूठ सटकू नये म्हणून आईने तिला काथ्या गुंडाळून दिला होता.

"इथं काय तोडणार? गिरणीची चिमणी?" हे हसून म्हणाले होते.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि पोलीस चाळीतल्या खोल्या तपासू लागले. शेजारच्या काकी धावत आल्या. "अगो, ती कोयती गावली तर तुझ्या घोवाक धरून नेतले!"

माझे धाकटे दीर त्याच दिवशी गावी निघाले होते. यांनी कोयती गोणपाटात गुंडाळली. "हिच्या आईकडे पोचव रे. झाडं तिकडंच आहेत."

मलाही न्या, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण दोघांसमोर बोलायची लाज वाटली.

तेव्हा वाटलं, यांना माझं काहीच कळत नाही. आज आठवतं ते निराळंच. हे सुतळीची गाठ पुन्हा पुन्हा सोडून मारत होते, ती काही बसेना. शेवटी ती मीच बांधली, वाटेत सुटणार नाही अशी.