त्या एकमतात मी होते

"बाई, तेवढी किटली आणा बरं."

पतसंस्थेच्या संचालक मंडळाची बैठक चालू होती. टेबलाभोवती नऊ जण. दहावी मी. मीबी संचालकच. बाहेरच्या बोर्डावर नाव हाये माझं, सगळ्यात खाली. पण खुर्च्या नऊच. पहिल्या बैठकीत मी खुर्ची मागितली, तर चेअरमन अण्णा म्हणाले, "खुर्ची कशाला? तुम्हाला तर उठबस करायचीय." सगळे हसले. मीबी हसले. ते हसणं आठवलं की आजबी माझी मलाच किळस येती.

दाराजवळचा स्टूल माझा. चहा समोरच्या हॉटेलातून यायचा. माझ्या हातचा न्हाई, बरं का! आमच्या वस्तीतल्या बाईनं उकळलेला चहा या लोकांच्या घशाखाली कसा उतरावा? आणायला मात्र मी. कप विसळायला मी. विटाळ फक्त चहा उकळताना व्हायचा, कप धुताना न्हाई.

राखीव जागा होती म्हणून अण्णांनी मला बिनविरोध आणलं. अंगणवाडीतली मदतनीस. गरीब. तोंड उघडत न्हाई. बराबर हेरलं होतं त्यांनी. ठराव बैठकीनंतर लिहिले जायचे, मंग दर महिन्याला शिपाई रजिस्टर घेऊन घरी यायचा. ठरावाच्या खाली पेन्सिलनं बारीक फुली मारलेली असायची, तिथं सही करायची. वरचं वाचायचं न्हाई. मी दहावी पास हाये. वाचता येत होतं मला. अडाणी असते तर सांगायला तोंड तरी राह्यलं असतं.

मंग एक दिवस शाहीन दारात आली. पलीकडच्या गल्लीतली. दुसऱ्याच्या दुकानात साड्यांना फॉल-पिको करती. तिला स्वतःची मशीन घ्यायची होती. त्याला कर्ज पाह्यजे, आन कर्ज सभासदालाच भेटतं. म्हणून तिनं सभासद व्हायला अर्ज केल्ता. तो अर्ज मीच लिहून दिल्ता. "मी हाये ना आत, तू बिलकुल काळजी करू नको," असं छाती ठोकून सांगितलं होतं.

तिनं कागद पुढं केला. 'संचालक मंडळाने आपला अर्ज एकमताने नामंजूर केला आहे.' कारण काहीच न्हाई.

"एकमत मतलब तुम भी ना, ताई?"

"मला माहीत नव्हतं गं."

"मैं रजिस्टर देख के आयी. सही तुम्हारीच है."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली न्हाई. कागदाची घडी केली आन गेली. मी दारात उभी राह्यले, पदराचं टोक चावत.

मायला सांगितलं. माय जन्मभर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, झाडू मारायची, आता बाजेवर असती. ती उठून बसली. "ही पतसंस्था निघाली तव्हा अण्णाचा बाप दारोदार फिरत होता. हमाल, शिंपी, झाडणाऱ्या, शाळेतले मास्तर, सगळ्यांकडून एकेका शेअरचे पैसे नेले त्यानं. मीबी दिले. बँक आम्हाला पायरी चढू देत नव्हती. सावकार घरातले भांडे ठिवून घ्यायचा. म्हणून आम्ही आमचीच पेढी काढली. एकमेकाला जामीन राह्यलो. या घरावरचे पत्रे त्यातूनच आले, तुझी शाळा त्यातूनच झाली. आन तू तिथं कप धुती? अगं कर्मा! मालकिणीची पोर ना गं तू?"

मला वर बघवेना.

दुसऱ्या दिवशी क्लार्ककडं पोटनियमाचं पुस्तक मागितलं. "तुम्हाला कशाला?" म्हणाला. "वाचायला." त्यात लिहिलेलं होतं. नियमात बसणाऱ्या कुणालाबी सभासद होता येतं. नामंजूर केलं तर कारण लेखी द्यावं लागतं. आन एका माणसाला एकच मत, शेअर एक असो का हजार. अण्णाचं एक, माझ्या मायचं एक. इतकी वर्षं ते पुस्तक उघड्या कपाटात पडून होतं. मीच कधी मागितलं न्हाई.

पुढच्या बैठकीत पुन्हा तेच. "बाई, किटली."

मी स्टूल ओढून टेबलाला लावला. "न्हाई आणत. शाहीनचा अर्ज पुन्हा विचाराला घ्या. न्हाईतर कारण लिहा."

अण्णांचा चेहरा बदलला. "असली माणसं आत घेतली तर ठेवीदार निघून जातील. तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"आम्ही असलीच माणसं होतो, अण्णा. तुमच्या वडलांनी आमच्याकडूनच शेअरचे पैसे नेले."

नऊ हात वर झाले. तिच्या विरोधात. मी म्हणाले, "माझा विरोध लिहा. नावानिशी." क्लार्क अण्णांकडं बघून राह्यला. मी हलले न्हाई. हिंमत-बिंमत काही नव्हती. शेवटी लिहिलं त्यानं.

शाहीन अजून सभासद न्हाई. दुसऱ्याच्याच दुकानात पिको करती. मला आता ताई म्हणत न्हाई, मॅडम म्हणती. बराबर हाये तिचं.

वार्षिक सभा जवळ आलीय. दरसाल लोक येतात, मंजूर मंजूर म्हणतात, नाश्त्याचं पाकीट घेऊन घरी जातात. औंदा मी दारोदार फिरून राह्यले. हमालांकडं, शिंप्यांकडं, मोंढ्यातल्या बायांकडं. पुस्तकातलं ते पान वाचून दाखवते. अण्णांचा निरोप आला, की पुढच्या वेळी राखीव जागेवर दुसरी बाई बघू. बघा खुशाल.

सभेत मी उभी राहणार. माइक न्हाई दिला तर तशीच ओरडून बोलणार. आधी सांगणार, की शाहीनला बाहेर ठेवणाऱ्यांत मी होते, न वाचता सही केली मी. सगळ्या गावासमोर सांगणार. मंग बाकीच्या नऊ जणांची नावं घेणार, एकेक करून.