ओतिलियाची पालांका

ओतिलिया जन्माची फटकळ. नदीकाठच्या बाजारात मक्याच्या पिठाचे उकडलेले बोयो विकता विकता तिने महापौरापासून पाद्र्यापर्यंत कोणाला सोडलं नाही. पण बोयोला चव अशी, की बोलणी खाऊनही गिऱ्हाईक परत येई. अशा बाईला जेरीस आणलं ते एका आरोग्य विमा कंपनीने.

तिचा नवरा सेनोन सिनू नदीवर होडी चालवायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि एक दिवस त्याने भरली होडी पुलाच्या खांबावर घातली. तेव्हापासून तो घरात बसून. ऑपरेशन लवकर झालं नाही तर नदी कायमची सुटणार, हे दोघांनाही कळत होतं.

ऑपरेशन व्हायचं कंपनीच्याच दवाखान्यात. कंपनी आमच्या भागातल्या सिनेटरच्या मेव्हण्याची, इमारत खुद्द सिनेटरची. ओतिलिया म्हणायची, "पैसा सरकारचा, दुखणं आपलं, बाकी सगळं यांच्या घरचं कार्य!" खिडकीवर मात्र एकच पालुपद, मंजुरी आली नाही, सोमवारी या. सोमवारी गेलं की शुक्रवारी या. हेलपाटे घालून चपला झिजल्या.

शेवटी खिडकीवरच्या यूलिएटलाच तिची दया आली. "डोन्या ओतिलिया, असं काही होणार नाही," ती हळूच म्हणाली. "पालांका घेऊन या."

पालांका म्हणजे आमच्याकडे वशिला. पण होडी ढकलायच्या लांब बांबूलाही आम्ही पालांकाच म्हणतो. ओतिलियाला कळलं नाही असं थोडंच आहे? चांगलं कळलं होतं! पण आता डोक्यावरून पाणी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सेनोनचा बांबू खांद्यावर टाकून दवाखान्यात घुसली. छताचा पंखा थोडक्यात वाचला. "ही घ्या पालांका!" खिडकीपुढे बांबू आपटत ती ओरडली. "सिनेटरची याहून लांब असेल तर काढा बाहेर!" अख्खी रांग खो खो हसली. पहारेकऱ्याने बांबू जप्त केला, पण हसू त्यालाही आवरेना. कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

निवडणूक तोंडावर आलेली. सकाळीच सिनेटरचा माणूस डॉन फाबियो दारात हजर, तोंडात नुसती साखर. "अहो डोन्या, आधी मला नाही का सांगायचं? साहेबांना किती वाईट वाटलं!"

त्याच दिवशी मंजुरी आली. पाठोपाठ ऑपरेशनही झालं.

दवाखान्यात पट्टी सुटली तेव्हा सेनोनने आधी बायकोकडे निरखून पाहिलं. "म्हातारी झालीस की गं!"

"मेल्या, तुझ्याच पायी!" म्हणत ओतिलिया ढसाढसा रडली. मग डोळे पुसून खाटेशेजारी मिरवत उभ्या असलेल्या फाबियोकडे वळली. "आणि दुसरा डोळा?"

आमच्याकडे मतासाठी बूट वाटतात, तेही एक आधी, जोडीचा मतदानानंतर. फाबियो गोड हसला. "निकाल तर लागू द्या, डोन्या."

ओतिलिया तणतणत पहारेकऱ्याकडे बांबू मागायला निघाली. सेनोनने तिचा हात धरला.

"राहू दे इथंच," तो म्हणाला. "दुसऱ्या डोळ्याला लागेल."