डब्यातला बर्फ

आमच्या बाबांनी आयुष्यभर गरम पाइपांना कपडे घातले. हे त्यांचंच वाक्य. कारखान्यातल्या वाफेच्या पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसचा जाड थर चढवायचा, वर कापड गुंडाळून शिवायचं. अठ्ठावीस वर्षं हेच काम. बोलणं बेताचं, पण शिवण अशी की दुसऱ्या खात्यातली माणसं बघायला यायची.

डिसेंबर लागला की ते जेवणाच्या डब्यातून बर्फ आणायचे. खाली सांडलेली अ‍ॅस्बेस्टॉसची पांढरी रुई रिकाम्या डब्यात दाबून भरायची. चोरी म्हणा हवं तर. फोरमनसुद्धा आपल्या पोरांसाठी न्यायचा. मग आम्ही स्वयंपाकघरात फतकल मारून नाताळचं गाव करायचो. बुटांच्या खोक्यांची घरं, काड्यापेट्यांची धुराडी, खिडक्यांना चॉकलेटचा पिवळा कागद. कापायचं काम माझं, खळ लावायचं आईचं, आणि बर्फ पाडायचं धाकट्या भावाचं. तो स्टुलावर उभा राहायचा. बाबा त्याच्या ओंजळीत रुई कुस्करून द्यायचे आणि सांगायचे, "जोरात नको. गरम दुधावर फुंकतोस ना, तसं." घरांवर बर्फ, केसांत बर्फ, पापण्यांवर बर्फ. मी धुसफुसायची, कारण नंतर झाडायला मीच.

कारखाना बंद पडला तेव्हा या रुईबद्दल पेपरात काहीबाही आलं होतं. "कामगारांना काढायचे बहाणे," बाबा म्हणाले. "मला काय धाड भरलीय?" खरंच नव्हती भरली. आज ब्याऐंशीचे आहेत, नखात रोग नाही.

धाकटा सेहेचाळीसचा. पोस्टात काउंटरवर बसायचा, विडीला कधी शिवला नाही. उन्हाळ्यात त्याला धाप लागायला लागली. ऑक्टोबरात छातीतून पाणी काढलं आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अ‍ॅस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता?" मी डब्यातल्या बर्फाचं सांगितलं. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. वर्ष निघालं तरी पुष्कळ, असं त्या म्हणाल्या. माझाही फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. झाडणारी मी, आणि मलाच काही नाही.

बाहेर बाकावर त्याने माझा हात धरला. "ताई, बाबांना न्यूमोनिया सांगायचं. खरं कळलं तर ते जगायचे नाहीत. तुझं तोंड सुटतं कधीकधी, म्हणून बजावतोय."

मला राग आला होता. कारखान्यावर, आणि लपवू कशाला, बाबांवरसुद्धा. तरी दोन महिने मी तोंडाला कुलूप घातलं.

गेल्या रविवारी सकाळी धाकट्याची मुलगी आजोबांकडे नाताळचं गाव करायला आली. सात वर्षांची आहे. घरं झाली, धुराडी झाली. कापूस काही केल्या नीट पडेना, नुसते गोळे. बाबा उठले आणि कपाटाच्या तळातून जुना डबा घेऊन आले. झाकणाला कडेने चिकटपट्टी लावलेली.

"नोकरीच्या शेवटच्या दिवशी आणला होता," ते म्हणाले. "नातवंडांसाठी राखून ठेवला. चढ गं स्टुलावर."

ती चढली. ओंजळ पुढे केली. बाबा नखाने पट्टी उकरायला लागले, तसा मी डबा हिसकावला.

"अगं, पोर वाट बघतेय."

"तिला नको. हात लावू नका याला." माझा आवाज फाटला.

बाबांनी डब्याकडे पाहिलं. मग स्टुलावरच्या पोरीकडे, तिच्या ओंजळीकडे.

"न्यूमोनिया नाही त्याला," ते म्हणाले.

मला खोटं बोलता आलं नाही. "नाही," म्हटलं.

त्यांनी नातीला उचलून खाली ठेवलं आणि बाहेर खेळायला पाठवलं. डबा माझ्या हातातून घेतला. पट्टीचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबत बसले, पुन्हा पुन्हा.

"फुंकायला मीच शिकवलं," ते म्हणाले.



दुपारी धाकट्याचा फोन आला. मी उचलणार, तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं.

"मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. तुझं तोंड सुटतं कधीकधी."