इतिहासाचा पेपर

आंधळ्या मुलांचा पेपर लिहून देणारा माणूस त्यांच्यापेक्षा कमी शिकलेला पाहिजे, असा नियम होता. जास्त शिकलेला असला तर तो आपल्या मनचं लिहील, म्हणून. नियम बरोबरच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझ्या मुलीची नजर लहानपणी तापात गेली. अंधशाळेत राहून ती दहावी झाली आणि पुढं कोल्हापूरला कॉलेजात गेली. आम्ही हुपरीचे. घरी पैंजणांना घुंगरं जोडायचं काम असायचं, ते सकाळी होईल तेवढं करून मी तिला एसटीनं कॉलेजात न्यायची. तिथं लायब्ररीशेजारी अशा मुलांसाठी एक खोली होती. दुसरी मुलं मोकळ्या तासाला तिथं येऊन पुस्तकं मोठ्यानं वाचायची, ती टेपवर भरून घ्यायची, आणि आमची पोर त्या कॅसेट घरी आणून ऐकायची. जेवतानासुद्धा तिचा टेप चालू. खोली सांभाळणाऱ्या मॅडम मला आत बसा म्हणायच्या. मी बाहेर बाकावरच बसायची. शिकलेल्या माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही.

तिला इतिहासात एम.ए. करून कॉलेजात शिकवायचं होतं. त्यासाठी बी.ए.ला पहिला वर्ग पाहिजे, असं तिनं मनात धरलं होतं. शेवटच्या वर्षाला तिचे पेपर लिहायला अकरावीतली एक मुलगी मिळाली. हात फार चपळ. ही सांगून थांबायच्या आत तिचं लिहून झालेलं असायचं. पहिले पेपर दोघींनी हसत हसत दिले.

इतिहासाच्या पेपरादिवशी ती मुलगी आली नाही. तिला कांजिण्या आल्या, असा तिच्या घरून फोन आला. अकरावीला सुट्टी लागलेली. कॉलेजात जी मुलं होती ती सगळी हिच्याच वर्गातली नाहीतर वरची. मॅडम या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होत्या. शेवटी त्यांनी शिपायाला विचारलं.

"मी बी.ए. झालोय मॅडम," तो म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा शिक्षण उपयोगाला येणार होतं, तर तेच नडलं बघा."

मग मॅडमचं लक्ष बाकाकडं गेलं. "मावशी, तुमची शाळा किती झाली?"

"चौथी."

"मग भागलं की!"

सगळ्यांची तोंडं एकदम उजळली. चौथी ऐकून कुणाला आनंद झालेला मी त्याआधी बघितला नव्हता. मी म्हटलं, "मला न्हाय जमायचं." पण ते इतकं हळू म्हटलं की माझं मलाच ऐकू आलं असेल. मॅडम प्राचार्यांची सही आणायला गेल्याही होत्या. मुलीनं माझं कोपर धरलं. "चल आई. मी सांगतो तसं लिव्ह. घाबरू नगंस."

आम्हाला वेगळ्या खोलीत बसवलं. एक म्हातारे सर राखणीला. मुलगी भरभर सांगायला लागली. इंग्रजांच्या काळात आपल्याकडच्या हस्तोद्योगांचा ऱ्हास कसा झाला, असा पहिला प्रश्न होता. तिची वाक्यं लांब आणि सुंदर होती. मी लग्नानंतर भिशीतली नावं सोडून काही लिहिलेलं नव्हतं. तिचं एक वाक्य संपायचं तेव्हा मी त्याच्या दुसऱ्या शब्दावर असायची. "ऱ्हास" काही केल्या माझ्या हातून उतरेना.

"कुठं अडलीस?"

मी सांगितलं.

"ते सोड. 'धंदे बुडाले' लिव्ह."

तिथून पुढं ती माझ्या हाताला झेपेल असं सांगायला लागली. आधी वाक्यं तोडली, मग मोठे शब्द टाकले, मग मुद्देच गाळले. तोंडाशी आलेलं ती कशी गिळत होती ते मी शेजारी बसून बघत होते. धंदे बुडाले. कारागीर गरीब झाले. बाहेरचा माल आला. माझ्या कागदावर दुसरीच्या पोरानं लिहावं तसं उमटत होतं.

"बाई, जरा हात उचला की," सर म्हणाले. "असं कसं व्हायचं?"

घामानं पेन सटकत होतं. शेवटचा मोठा प्रश्न अख्खा राहिला, आणि माझी बोटं वळेनाशी झाली. तिला ते कसं कळलं कोण जाणे. तिनं चाचपून माझा हात धरला आणि म्हणाली, "ठेव पेन."

मग तिनं त्या प्रश्नाचं उत्तर नुसतं तोंडानं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठं न अडखळता, समोर वर्ग बसल्यासारखं. सर खुर्चीतून उठून जवळ आले. घंटा झाली तरी त्यांनी कागद मागितले नाहीत. तिचं संपल्यावर म्हणाले, "हिला तर सगळं येतंय की." मग माझ्याकडं बघितलं आणि कागद गोळा केले.

एसटीत ती माझी बोटं चोळत होती. मला हसवायला म्हणून तिनं सरांची नक्कल केली, "बाई, जरा हात उचला की!" पुढच्या सीटवरच्या बायका हसल्या. मी खिडकीकडं तोंड केलं. तिला माझं तोंड दिसणार नव्हतं, तरी केलं.

त्या पेपरात ती काठावर पास झाली आणि पहिला वर्ग हुकला. मॅडमनी घरी येऊन सांगितलं, पुढच्या वर्षी पुन्हा बस, आम्ही दोन लेखनिक तयार ठेवू. ती हसून म्हणाली, "नको मॅडम, आता बास." का नको, ते तिनं सांगितलं नाही. पुन्हा बसली असती तर तो पेपर माझ्यामुळं गेला असं ठरलं असतं. तेवढ्यासाठीच ती बसली नाही, असं मला वाटतं. मी तिला कधी विचारलं नाही. त्या वर्षापासून मी रोज वर्तमानपत्रातला थोडा मजकूर उतरून काढते. हात आता चांगला चालतो.

पुढं ती टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स करून एका ऑफिसात लागली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "पोरगी मार्गाला लागली, आता कशाचा घोर?" खरंच आहे. महिन्याला पगार येतो, ती कुणावर अवलंबून नाही.

एकदा ती डबा विसरून गेली म्हणून मी तो घेऊन तिच्या ऑफिसात गेले. दाराशी उभी राहिले. आत तिचा आवाज चालला होता. "नमस्कार. कोण पाहिजे आपल्याला? थांबा, जोडून देते." एवढंच. पुन्हा घंटी, पुन्हा तेच. शेजारून जाणारा एक साहेब मला म्हणाला, "तुमची मुलगी काय? काय गोड आवाज हाय हो!"

मी मान हलवली आणि दाराशीच उभी राहिले. तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली. "नमस्कार," ती म्हणाली, "कोण पाहिजे आपल्याला?"