तळाला गेलेला तुकडा

खुर्च्यांच्या कारखान्यात तिला सगळे काटावहिनी म्हणत. अंगानं ती भरभक्कम, आणि तिचं कामच बसायचं. साच्यातून निघालेल्या दर विसांतल्या एका खुर्चीवर ती दणकन बसे, मागे रेले, एका अंगाला झुके. खुर्ची टिकली की विसांच्या विसांना बुडाशी लाल रंगाचा अंगठा उठवी. एकोणीस वर्षं. सासरी जिचे घास मोजले गेले, तिच्या वजनाला इथं मान होता.

त्या सकाळी एक शिंपी मोडकी खुर्ची घेऊन दारात आला.

"आई पडली हिच्यावरून. खुबा मोडलाय."

तिनं खुर्ची उलटी केली. अंगठा तिचाच.

खुर्च्यांचं प्लास्टिक, पॉलिप्रॉपिलीन, ती बोटांनी ओळखे. त्याचे पांढरे दाणे तापले की मधासारखे वितळतात, साच्यात शिरतात, निवले की चिवट होतात. चांगला माल वाकवला तर वळीवर पांढुरका पडतो, तुटत नाही. म्हणून तर डब्याचं झाकण त्याच्याच पातळ पट्टीवर हजारदा उघडतं; गोण्या, दोर, इंजेक्शनच्या नळ्याही त्याच्याच. तिनं मोडका पाय वाकवला. बिस्किटासारखा कटकन गेला. तुकडा तिनं पाण्याच्या बादलीत टाकला. हे प्लास्टिक पाण्याहून हलकं, तरंगायला हवं. तुकडा सरळ तळाला गेला.

साच्यावर तिचा धाकटा दीर होता.

"भावोजी, काय कालवलंय यात?"

"खडूची भुकटी, वहिनी. मालकांनी सांगितलं. थोडी सगळेच घालतात."

"थोडीनं बुडत नसतं!"

"हळू बोला ना."

"हळू? मी कधी हळू बसले का?"

बोलता बोलताच तिला आठवलं. दोन महिने हाच घाई करायचा, गरम गरमच बसा वहिनी, गाडी उभी आहे. गरम खुर्ची लवते, हत्ती बसवा, मोडायची नाही. रात्रभर निवल्यावर तिचा कस कळतो. हे ठाऊक असून ती बसली होती. दिराहून जास्त संताप तिला आपल्या अंगठ्याचा आला.

अंगणात चारशे खुर्च्या दवाखान्यासाठी गाडीत चढत होत्या. वाट बघत बसणाऱ्या आजाऱ्यांसाठी. ती गाडीसमोर जाऊन उभी राहिली. गलका ऐकून मालक बाहेर आले. अंगानं तेही काही कमी नव्हते.

"काय तमाशा आहे? एखादी मोडते. ती म्हातारी नीट बसली नसेल."

"तुम्ही नीट बसून दाखवा."

तिनं गाडीतली कालची, निवलेली खुर्ची ओढून त्यांच्यापुढे ठेवली. हमाल थांबले. मालकांनी खुर्चीकडे पाहिलं, पाठीवर हात ठेवला, हात काढून घेतला.

"मला कामं आहेत."

"बसायला कितीसा वेळ लागतो?"

ते बसले नाहीत. मग दिरानंच, मान खाली घालून, गाडीतली पहिली खुर्ची उतरवली. त्याच्यामागून हमालांनी हात घातले.

"उद्यापासून येऊ नकोस," मालक म्हणाले.

"येणार कशाला? ठसे पुसून झाले की जाते."

घासलेटाचा बोळा घेऊन तिनं चारशे अंगठे पुसले, एकेक, दात आवळून. शिंपी तोवर दारातच उभा होता. लाल झालेले हात तसेच घेऊन ती त्याच्याकडे गेली.

"चल. आईकडे ने मला. शिव्या द्यायला त्यांना समोर कुणीतरी हवं."