तात्याचा अर्धा चहा

“हे त्याचं न्हवं! बंद करा!” असं ओरडत बाई कॅमेऱ्यासमोर घुसली. शॉट चालू होता. तात्यानं अर्धा चहा तसाच ठेवून कप खाली ठेवला होता आणि बाकी सगळे तोंड दाबून हसत होते. मी तर मनात शिव्या देत होते. चहा मी केलेला होता. मला वाटलं, साखर कमी पडली म्हणून हा चारचौघांत माझी शोभा करतोय.

दिग्दर्शक किंचाळला, “मावशी, बाहेर व्हा! येड लागलंय काय?”

बाई बाहेर झाली नाही. तिनं तात्याच्या पाठीवर हात ठेवला. “सायेब, कोट घामानं भिजलाय आन् आत माणूस गार पडलाय. गाडी काढा.”

आता ही बाई कोण ते सांगते. आमच्या मंगळवार पेठेत एका घरात एका विनोदी मालिकेचं शूटिंग चालायचं. मी युनिटचं जेवण आणि चहा करायची, ती कपडे सांभाळायची. मूळची कबनूर गावची. नवरा यंत्रमागावर होता, तो गेल्यावर इकडे आली. ठेंगणी, हिरवं लुगडं, तोंडात कायम दोन टाचण्या. त्यामुळे बोलणं बेताचं. बोलली की एकच, “हे त्याचं न्हवं.”

कुणी चुकून दुसऱ्याचा सदरा घातला की हे म्हणायची, आणि मालिकेतलं माणूस भलतंच वागलं तरी हेच म्हणायची. एकदा खादाड मामा तीन भाग उपास करत होता. बाईनं टाचण्या काढल्या. “हे त्याचं न्हवं.” लेखक कळवळून म्हणाला, “मावशी, मामाचं काम करणाऱ्याची दाढ काढलीया. चावता येत न्हाय. मी काय लिहू, सांगा.” भांडखोर सासू एकदम गोड बोलायला लागली, तेव्हा तिचं काम करणारीचा घसा बसला होता.

आणि तात्या तर मालिकेतला एक नंबरचा कंजूष दुकानदार. त्यानं एका भागात नवा कोट शिवला. लोकांनी पत्रं पाठवली, तात्या असला खर्च करेल का म्हणून. तुम्ही ती मालिका बघितली असेल तर तुम्हीही म्हणाला असाल, लेखकाचं डोकं फिरलं. डोकं जागेवर होतं. जुना कोट उंदरानं खाल्ला होता. बाईनं दोन दिवस रफू करून बघितलं, पण पाठच शिल्लक नव्हती.

तिच्या बोलण्याला सगळे कंटाळले. शेवटी दिग्दर्शकानं बजावलं, “मावशी, आणखी एकदा तोंड घातलंत तर दुसऱ्या दिवशी येऊ नका.” तिची लेक तेव्हा नर्सचं शिकत होती. घरात मिळवणारी ही एकटी. आठ दिवस टाचण्या तोंडातून निघाल्या नाहीत.

नवव्या दिवशी तात्यानं तो अर्धा चहा कपातच सोडला.

तात्याचं काम करणाऱ्याला आम्ही शूटिंगबाहेरही तात्याच म्हणायचो. तो चहा बशीत ओतून प्यायचा आणि मग कप उलटा करून बुडाला टिचकी मारायचा, शेवटच्या थेंबासाठी. हे लेखकानं लिहिलेलं नव्हतं. तो घरीही तसाच. थेंब दर वेळी उजव्या बाहीवर पडायचा, आणि बाई रोज तो डाग धुताना त्याचा उद्धार करायची.

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर मी तिला विचारलं, “तुला कसं कळलं गं?”

“आक्का, माझी नजर बाहीवरच असती की. आज थेंबच पडला न्हाय.” मग म्हणाली, “उद्यापासनं मी येत न्हाय बघ. सायबानं सांगितलंच हुतं.”

डॉक्टर बाहेर आले. हृदयाचा झटका होता, वेळेत आणलंत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीच तिला घरून ओढून आणली. दिग्दर्शकानं माफी मागितली नाही. असली माणसं मागत नाहीत. त्यानं आपल्या खुर्चीशेजारी एक खुर्ची मांडून घेतली आणि “मावशी, हितं बसा,” म्हणाला. बाईनं त्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवले आणि उभीच राहिली.

तात्या दीड महिना अंथरुणात होता. लेखकानं मालिकेत त्याला काशीला पाठवलं, तेही तात्याच्याच पैशानं! बाई सवयीनं बोलून गेली, “हे त्याचं न्हवं,” आणि तोंडावर हात ठेवला. पहिला हसला तो दिग्दर्शकच.

निर्माता खरा कंजूष. त्यानं अर्ध्या चहाच्या शॉटचा तो तुकडाही वाया न घालवता भागात जोडला. परवा नात मोबाइलवर जुने भाग बघत होती. तात्या कप खाली ठेवतो, कडेला हिरव्या लुगड्याचा काठ दिसतो आणि चित्र बदलतं. खाली लोकांनी लिहिलंय, तात्या चहा सोडेल का? इथं लेखक चुकला.

नात म्हणाली, “आज्जी, खरं काय ते लिहू?”

“लिही की. म्हणावं, माणूस मरायला लागलेला, आणि ते कापडं धुणारीला कळलं.”

तिनं लिहिलं. कुणाला पटलं नाही. एकानं हसणारं तोंड पाठवलं.

बाई गेल्या वर्षी कबनूरला लेकीकडे गेली. लेक आता मोठी नर्स आहे. तिथं एका दुपारी जेवून बाई आडवी झाली ती उठली नाही. चांगलं मरण आलं.

दिवाळीत तात्या माझ्याकडे आला होता. चहा दिला. बशी संपवली, कप उलटा केला, टिचकी मारली. थेंब बाहीवर.

“धुणारी गेली की तात्या आता,” मी म्हटलं.

“गेली न्हवं का,” तो म्हणाला, आणि दुसरा कप मागितला.

तात्या आता एक्क्याऐंशी वर्षांचा आहे.